कपडा कुणी शिवला, हे कसं शोधायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कपडा उलटा करायचा, लेबलवरचं देशाचं नाव वाचायचं, नाव ‘बरं’ वाटलं तर घ्यायचा, नाहीतर परत टांगून ठेवायचा. सुरुवातीचे बरेच महिने मी एवढंच करत होते आणि आपण फार विचार करून खरेदी करतोय असं मनापासून मानत होते. मग एकदा एका ब्रँडला पत्र लिहून विचारलं, की तुमचं हे जॅकेट नेमक्या कोणत्या कारखान्यात शिवलं जातं? उत्तर आलं, ‘आम्ही सर्व संबंधित कायद्यांचं पालन करतो.’ मी पुन्हा विचारलं, पुन्हा तीच ओळ आली. तिसऱ्यांदाही तीच. तेव्हा लक्षात आलं की मी इतके दिवस देशाचं नाव वाचून समाधान मानत होते आणि खरी माहिती दडलेली होती ती कारखान्याच्या नावात.

त्यानंतर शिकत, चुकत जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडते आहे. सगळ्या पायऱ्या प्रत्येक कपड्यासाठी कराव्या लागत नाहीत. मोज्यांच्या जोडीसाठी मीही एवढा शोध घेत नाही. पण जो ब्रँड तुम्ही वारंवार घेता, त्याच्यासाठी एकदा निवांत बसून हे करा. पुढे बरीच वर्षं ते काम पुरतं.

जवळ काय असू द्यावं

- कॅमेरा असलेला फोन. लेबलवरची अक्षरं फार बारीक असतात, फोटो मोठा करून वाचणं सोपं जातं.
- एक वही किंवा फोनमधली नोंद: ब्रँडचं नाव, लेबलवरचे आकडे, विचारलेले प्रश्न, आलेली उत्तरं, तारखा.
- घरातले चार-पाच जुने कपडे. सराव त्यांच्यावरच करा. दुकानात घाई असते, शिवाय शेजारी विक्रेता उभा असतो.
- इंटरनेट आणि साधारण तासाभराचा वेळ.

१. आधी कपड्याचा प्रवास समजून घ्या

एका सुती शर्टाचं उदाहरण घेऊ. शेतात कापूस पिकतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते. सूतगिरणीत सूत कातलं जातं. ते मागावर विणलं जातं, किंवा टी-शर्टासारखं कापड असेल तर निटिंगच्या यंत्रावर. मग धुलाई, ब्लीच, रंगाई, छपाई. त्यानंतर कापड कापणं, शिवणं, काजं-बटणं, इस्त्री, पॅकिंग. हे सगळं एका छपराखाली होणं दुर्मिळच. कापूस एका देशातला, सूत दुसऱ्या, कापड तिसऱ्या आणि शिलाई चौथ्या देशातली, असंही सर्रास घडतं.

हे माहीत असणं का गरजेचं? कारण प्रत्येक टप्प्याचा धोका निराळा आहे. शेतात कीटकनाशकं आणि सक्तीची मजुरी. सूतगिरणीत कापसाची धूळ, जी वर्षानुवर्षं छातीत जाऊन फुफ्फुसाचा आजार करते. रंगाईच्या टप्प्यात नदीत सोडलेलं सांडपाणी. जीन्स मुद्दाम जुनाट दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा फवारा मारला जायचा. त्या धुळीने तुर्कस्तानातल्या तरुण कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार झाला, अनेक जण दगावले आणि २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली. शिलाईच्या टप्प्यात अपुरी मजुरी, न संपणारा ओव्हरटाइम, कुलूप लावलेले दरवाजे.

आपण लेबलवर ज्या देशाचं नाव वाचतो, ते बहुतेक वेळा यातल्या फक्त शिलाईच्या टप्प्याचं असतं.

२. लेबल पूर्ण वाचा

मानेजवळचं लेबल हे ब्रँडचं आणि मापाचं. उपयोगाचं लेबल बहुधा आत, डाव्या बाजूच्या शिवणीत असतं. ते कधीकधी तीन-चार पट्ट्यांचं असतं, सगळ्या पट्ट्या उलटून बघा. त्यात पुढच्या गोष्टी शोधा.

*धाग्यांचं प्रमाण.* कापूस किती टक्के, पॉलिएस्टर किती, इलास्टेन किती. युरोपीय संघात आणि अमेरिकेत हे छापणं बंधनकारक आहे, म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर ते असतंच. ‘कॉटन फील’, ‘सिल्की’, ‘लिनन लुक’ हे शब्द समोरच्या टॅगवर कितीही मोठे असोत, खरं काय ते आतल्या टक्क्यांत असतं. इथला ठरलेला सापळा म्हणजे बांबू. ‘बांबूचं कापड’ म्हणून जे मऊसूत कापड मिळतं ते जवळजवळ नेहमीच व्हिस्कोस किंवा रेयॉन असतं: बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा. व्हिस्कोसच्या प्रक्रियेत कार्बन डायसल्फाइड वापरतात आणि ते कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. रेयॉनला ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये दोन मोठ्या विक्रेत्यांवर कारवाई केली होती.

*देशाचं नाव.* अमेरिकेत ते छापावंच लागतं. युरोपीय संघात सर्वसाधारण कपड्यांसाठी तशी सक्ती नाही. म्हणजे देशाचं नाव नसलं की ब्रँड काही लपवतोय, असं लगेच धरू नका. पण ‘अमुक देशात डिझाइन केलेलं’ एवढंच लिहिलं असेल, तर शिवलं कुठे ते लिहिलेलं नाही हे ध्यानात ठेवा. रेखाटन झालं त्या शहराचं नाव अभिमानाने छापायचं आणि शिलाईबद्दल गप्प राहायचं, हे फार चालतं.

*आरएन किंवा सीए क्रमांक.* ‘आरएन’ ही अक्षरं आणि पुढे पाच-सहा आकडे असं काही दिसलं तर मला पहिल्यांदा वाटलं होतं, मिळाला कारखाना! तसं नसतं. आरएन हा अमेरिकेतला नोंदणी क्रमांक आहे आणि तो तिथल्या उत्पादक, आयातदार किंवा विक्रेता कंपनीचा असतो. सीए हा तसाच कॅनडातला. तरी त्यांचा उपयोग आहे. फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर आरएन क्रमांक टाकला की कंपनीचं नोंदणीकृत नाव कळतं. एकाच मालकाचे पाच वेगवेगळ्या नावांचे ब्रँड अशाने उघडे पडतात, आणि पुढच्या पायऱ्यांत शोध मालक कंपनीच्या नावानेच घ्यावा लागतो.

३. देशाच्या नावावरून किती समजायचं

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त चुकले, म्हणून इथे जरा थांबते.

देश ठरवण्याचा ढोबळ नियम असा, की मालात शेवटचा मोठा बदल जिथे झाला तो त्याचा देश. कपड्याच्या बाबतीत हा बदल म्हणजे बहुधा शिलाई. स्वेटरसारखी वस्तू थेट आकारातच विणली जाते, तिथे विणकामाचा देश धरतात. कापूस, सूत आणि रंगाईबद्दल ते नाव काहीही सांगत नाही.

आता दुसरी गोष्ट. ‘श्रीमंत देशात शिवलेलं म्हणजे चांगलं’ ही समजूत सोडून द्या. प्रशांत महासागरात सायपान नावाचं बेट आहे. ते अमेरिकेच्या अखत्यारीत येतं, त्यामुळे तिथे शिवलेल्या कपड्यांवर ‘अमेरिकेत बनवलेलं’ असं कायदेशीररीत्या लिहिता यायचं. पण अमेरिकेचं किमान वेतन तिथे लागू नव्हतं. मुख्यतः आशियातून आणलेल्या बायका दलालांचं कर्ज फेडत तिथल्या कारखान्यांत राबत होत्या. १९९९ मध्ये यावर मोठे खटले दाखल झाले. इटलीतलं प्रातो हे कापडासाठी नावाजलेलं शहर. १ डिसेंबर २०१३ रोजी तिथल्या एका शिवणकारखान्याला आग लागून सात चिनी कामगार मेले. ते त्याच कारखान्यात राहत आणि झोपत होते, खिडक्यांना गज होते. तिथून बाहेर पडणाऱ्या कपड्यांवर ‘इटलीत बनवलेलं’ हेच लेबल लागत होतं आणि ते खोटं नव्हतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावारमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि किमान १,१३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, पण वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. हे वाचलं की आपण ठरवून टाकतो, आता बांगलादेशात शिवलेलं काही घ्यायचं नाही. मीही ठरवलं होतं. पण त्या देशात सुमारे ४० लाख लोक या धंद्यात आहेत, त्यांत बायकांची संख्या मोठी आहे, आणि निर्यातीच्या उत्पन्नातला ८० टक्क्यांहून अधिक वाटा कपड्यांचा आहे. ऑर्डरी बंद झाल्या तर पहिला घाव त्यांच्याच पोटावर बसतो. तिथल्या कामगार संघटनांची मागणी सुरक्षित इमारतींची आणि पुऱ्या मजुरीची आहे, आपण माल घेणं थांबवावं अशी नाही. शिवाय राणा प्लाझानंतर तिथे इमारतींच्या तपासण्या झाल्या, अहवाल जाहीर झाले. याचा तपशील सहाव्या पायरीत येतो.

मग बहिष्कार कधीच टाकायचा नाही का? माझा निकष साधा आहे: ज्यांच्यावर अन्याय होतोय ते लोक, किंवा त्यांच्या बाजूने उभ्या असलेल्या संघटना, स्वतः तो मागताहेत का? उझबेकिस्तानात सरकार शाळकरी मुलांना, शिक्षकांना, डॉक्टरांना सक्तीने कापूस वेचायला पाठवत असे. तिथल्या कापसावर बहिष्काराची हाक तिथल्याच मानवी हक्क कार्यकर्त्यांसोबत दिली गेली, शेकडो ब्रँडनी तो पाळला, आणि सरकारी सक्ती थांबल्यावर मार्च २०२२ मध्ये तो मागे घेतला गेला. चीनच्या शिनजियांग प्रांताचं प्रकरणही असंच गंभीर आहे. जगातल्या कापसाचा साधारण पाचवा हिस्सा तिथून येतो, सक्तीच्या मजुरीचे आरोप आहेत आणि स्वतंत्र तपासणी करता येत नाही. जून २०२२ पासून अमेरिकेत तिथल्या मालावर जवळपास बंदीच आहे. यात पेच असा की तो कापूस भलत्याच देशाच्या लेबलमागे दडलेला असू शकतो. म्हणून ‘शिवलं कुठे’ इतकाच ‘कापूस कुठला’ हाही प्रश्न विचारावा लागतो.

४. कारखान्याचं नाव शोधा

एक काळ असा होता की ब्रँड कारखान्यांची यादी व्यापारी गुपित मानत. २००५ मध्ये नायकीने आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी जाहीर केली, लिव्हायसनेही त्याच वर्षी केली, आणि त्यामुळे धंदा काही बुडाला नाही. आज अनेक मोठे ब्रँड ती जाहीर करतात. म्हणून ‘गुपित आहे, सांगता येत नाही’ हे उत्तर आता मी मान्य करत नाही.

शोध असा घ्या:

पहिल्यांदा ब्रँडच्या संकेतस्थळावर अगदी तळाला जा. ‘सस्टेनॅबिलिटी’, ‘सप्लाय चेन’, ‘सप्लायर लिस्ट’ अशा नावाचं पान दिसतंय का बघा. हिरव्या पानांची चित्रं आणि हसऱ्या बायकांचे फोटो सोडून पुढे जा. आपल्याला तक्ता हवा आहे.

तक्ता सापडला तर त्यात पाच गोष्टी आहेत का तपासा: कारखान्याचं पूर्ण नाव, पत्ता, मालक कंपनी, तिथे काय बनतं, कामगार साधारण किती. कामगार संघटना आणि मानवी हक्क संस्थांनी मिळून २०१६ मध्ये पारदर्शकतेची एक किमान प्रतिज्ञा तयार केली, त्यात याच बाबी मागितल्या आहेत. यादीची तारीखही बघा. तीन वर्षं जुनी यादी असेल तर निम्मे कारखाने बदललेले असू शकतात.

मग कारखान्याचं नाव ओपन सप्लाय हब या संकेतस्थळावर टाका. हे २०१९ मध्ये ओपन अ‍ॅपरल रजिस्ट्री या नावाने सुरू झालं, वापरायला मोफत आहे, नकाशावर कारखाना दाखवतं आणि त्या कारखान्याचं नाव कुणीकुणी नोंदवलंय तेही सांगतं. मला सगळ्यांत उपयोगी वाटली ती ही गोष्ट: एकाच कारखान्यात अगदी स्वस्त ब्रँड आणि अगदी महागडा ब्रँड शेजारी शेजारी शिवले जातात, हे तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. महाग म्हणजे नैतिक हा समज माझ्या मनातून त्या दिवशी गेला.

दोन सावधगिऱ्या. एक, त्या नकाशावर नाव असणं हे चांगुलपणाचं प्रशस्तिपत्र नव्हे. ती फक्त नोंद आहे. दोन, ब्रँडच्या यादीत बहुधा शिलाईचे कारखानेच असतात. सूतगिरणी, रंगाई आणि कापसाची माहिती देणारे ब्रँड थोडे आहेत. जो देतो त्याला माझ्या वहीत वरची जागा मिळते.

आणि पोटकंत्राट. ब्रँडने ऑर्डर एका कारखान्याला दिली, त्याला वेळेत झेपली नाही, त्याने शेजारच्या लहान कारखान्याला अर्धं काम दिलं. यादीत पहिल्याचं नाव असतं, शिवलं दुसऱ्याने. राणा प्लाझा कोसळल्यावर काही ब्रँडना आपले कपडे तिथे शिवले जात होते हे माहीतच नव्हतं. ढिगाऱ्यातून लेबलं गोळा करून ते सिद्ध करावं लागलं.

५. चिन्हं ओळखा, पण प्रत्येकाला त्याचा नेमका प्रश्न विचारा

टॅगवरच्या हिरव्या-निळ्या शिक्क्यांची गर्दी बघून गोंधळ होतो. प्रत्येक शिक्का एखाद-दुसऱ्या टप्प्याबद्दलच बोलतो, एवढं लक्षात ठेवलं की गुंता सुटतो.

गॉट्स हे सेंद्रिय कापडाचं प्रमाणपत्र. लेबलवर ‘ऑरगॅनिक’ असेल तर किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा लागतो, ‘मेड विथ ऑरगॅनिक’ असेल तर किमान ७० टक्के. जिनिंगपासून शिलाईपर्यंतच्या रसायनांचे आणि कामगारांच्या स्थितीचे निकषही त्यात आहेत. खऱ्या लेबलवर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. तो गॉट्सच्या संकेतस्थळावर टाकून पडताळा. क्रमांक नसलेलं ‘ऑरगॅनिक’ म्हणजे नुसता शब्द.

ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चा घोळ सगळ्यांचा होतो. हे चिन्ह सांगतं की तयार कापडात तुमच्या त्वचेला अपायकारक पदार्थ ठरवलेल्या मर्यादेपलीकडे नाहीत. शिवणाऱ्या बाईला मजुरी किती मिळाली याबद्दल ते एक अक्षरही बोलत नाही. त्याच संस्थेचं ‘मेड इन ग्रीन’ हे वेगळं चिन्ह कारखान्यातली परिस्थितीही विचारात घेतं, आणि त्यावरचा क्रमांक किंवा क्यूआर कोड वापरून कपडा कोणत्या देशांतून, कोणत्या टप्प्यांतून आला ते बघता येतं.

फेअरट्रेडचं कापसाचं चिन्ह कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याबद्दल आहे. शिलाईचा कारखाना त्यात येतोच असं नाही.

बेटर कॉटन या कार्यक्रमात बराच काळ ‘मास बॅलन्स’ ही पद्धत मुख्य राहिली आहे. ब्रँडने अमुक टन कापसाची मागणी नोंदवली की तेवढा कापूस कुठेतरी या कार्यक्रमाच्या निकषांनुसार पिकतो, पण तुमच्या हातातल्या टी-शर्टात तोच कापूस असेल असं नाही. शेतकऱ्याला प्रशिक्षण मिळतं, ते चांगलंच आहे. फक्त कपडा कुठून आला याचं उत्तर म्हणून ते धरू नका.

‘रिसायकल्ड’ लिहिलेलं पॉलिएस्टर बहुतांशी प्लास्टिकच्या बाटल्यांपासून येतं, जुन्या कपड्यांपासून क्वचित. जीआरएस (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) हे चिन्ह उत्पादनावर लावायला किमान ५० टक्के पुनर्वापरित माल लागतो.

आता कारखान्यांच्या तपासण्यांबद्दल, म्हणजे ज्याला सगळे ‘ऑडिट’ म्हणतात. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज, बाहेर पडायचे मार्ग बंद. २५० हून अधिक माणसं मेली. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए८००० हे कामगार-कल्याणाचं नावाजलेलं प्रमाणपत्र मिळालं होतं. ही घटना मी विसरू शकत नाही, आणि ‘आमचे सगळे कारखाने ऑडिट केलेले आहेत’ हे वाक्य वाचलं की प्रत्येक वेळी तीच आठवते. ऑडिट म्हणजे ठरवून दिलेली एक-दोन दिवसांची भेट, आणि तिचे पैसे अनेकदा खुद्द कारखानाच देतो. ते कुणी केलं, अहवाल कुठे वाचता येईल, सापडलेले दोष दुरुस्त झाले का, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला वजन देऊ नका.

६. ब्रँडला पत्र लिहा

लाजू नका. मला वाटायचं, एका गिऱ्हाइकाच्या पत्राने काय होणार. पण उत्तर देताना ब्रँड काय बोलतो आणि काय टाळतो, त्यातून जेवढं कळतं तेवढं त्यांच्या चकचकीत अहवालातूनही कळत नाही. पत्र छोटं ठेवा, आरोप करू नका, कपड्याचा नेमका क्रमांक द्या. मी हे पाच प्रश्न विचारते:

1. हा कपडा कोणत्या कारखान्यात शिवला? नाव आणि गाव सांगाल का?
2. कापड आणि सूत कुठे तयार झालं? कापूस कोणत्या देशातला?
3. त्या कारखान्यात कामगार संघटना आहे का?
4. तिथली मजुरी फक्त कायद्याच्या किमान वेतनाइतकी आहे, की जगण्यापुरत्या वेतनाचा काही आकडा तुम्ही ठरवला आहे? तो कसा ठरवला?
5. आंतरराष्ट्रीय अकॉर्ड करारावर तुमची सही आहे का?

चौथ्या प्रश्नाचं कारण सांगते. किमान वेतन आणि जगण्यापुरतं वेतन यांत मोठी दरी असते. बांगलादेशात डिसेंबर २०२३ पासून शिवणकामगारांचं किमान मासिक वेतन १२,५०० टका झालं. कामगार संघटनांनी मागितले होते २३,०००. म्हणजे ‘आम्ही कायद्याने ठरलेलं वेतन देतो’ हे पूर्ण खरं असूनही त्या बाईचं घर चालेलच असं नाही.

पाचव्याबद्दल: राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये ब्रँड आणि जागतिक कामगार संघटना यांच्यात इमारत आणि आगीपासूनच्या सुरक्षेचा करार झाला. तो कायद्याने बंधनकारक आहे, आणि हेच त्याचं वेगळेपण. ब्रँडने शब्द पाळला नाही तर त्याला जाब विचारता येतो. २०२१ पासून तो आंतरराष्ट्रीय अकॉर्ड या नावाने चालू आहे, पुढे पाकिस्तानातही पोहोचला. सह्या करणाऱ्यांची यादी आणि कारखान्यांचे तपासणी अहवाल जाहीर असतात, तेव्हा हे उत्तर पत्राशिवायही पडताळता येतं. ब्रँड या दोन देशांत काहीच शिवत नसेल तर हा प्रश्न गाळा.

उत्तर कसं वाचायचं? नाव, गाव, आकडा, तारीख यांतलं काही आलं तर ते उत्तर. ‘कटिबद्ध आहोत’, ‘उच्च नैतिक मूल्यं’, ‘निवडक भागीदार’ एवढंच आलं तर मी वहीत ‘उत्तर नाही’ असं लिहिते. एखाद्या लहान ब्रँडने ‘शिलाई कुठे होते ते माहीत आहे, पण सूत कुठून येतं ते आम्हाला अजून शोधता आलेलं नाही’ असं सरळ कळवलं, तर माझा त्याच्यावर विश्वास वाढतो. तीन आठवडे काहीच आलं नाही तर एकदा आठवण करा आणि पुढे चला.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यानुसार ३.६ कोटी पाउंड किंवा अधिक उलाढालीच्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करावं लागतं. मोठा ब्रँड तिथे विकत असेल तर ते निवेदन शोधून वाचा. दोन लागोपाठच्या वर्षांची निवेदनं शेजारी ठेवा. शब्दशः तीच असतील तर वर्षभरात काय काम झालं ते कळेलच.

७. कापड आणि शिवण हाताने पारखा

टिकाऊपणावरून कारखान्याचा न्याय करता येत नाही. उत्तम शिवलेला कपडाही पिळवणुकीतून आलेला असू शकतो. पण दहा वर्षं टिकणारा कपडा घेतला की नवा घ्यावा लागत नाही, म्हणून हे दोन मिनिटांचं काम करतेच. कापड उजेडासमोर धरा, आरपार दिसतं का. शिवण दोन्ही बाजूंनी हलके ओढा, टाके उघडे पडतात का. आत शिवणीपलीकडे कापड सोडलंय का, म्हणजे पुढे उसवून सैल करता येईल. काजांचे धागे सुटलेले आहेत का. जादा बटण दिलंय का. चेन दोन-चारदा वर-खाली करून बघा.

८. शिक्का नसलेला लहान विक्रेता आणि वापरलेले कपडे

प्रमाणपत्राला फी लागते, कागदपत्रं लागतात. चार विणकरांच्या गटाकडे ते नसेल म्हणून त्यांना नापास करू नका. त्यांच्याकडे एक सोय आहे: शिवणाऱ्या किंवा विणणाऱ्या माणसाशी थेट बोलता येतं. सूत कुठून आणता, एका नगाला किती वेळ लागतो, पैसे नगावर मिळतात की दिवसावर, हे विचारा. जो खरंच बनवतो तो या प्रश्नांनी खुलतो. जो फक्त आणून विकतो तो विषय बदलतो. ‘हातमाग’, ‘हस्तकला’ हे शब्द मात्र ऐकून सोडू नका, कापड यंत्रावरचं असताना ते सर्रास लावले जातात.

वापरलेला कपडा घेतला तर नव्या उत्पादनाला पैसे जात नाहीत, तेव्हा तिथे मी कारखान्याचा शोध घेत नाही. फक्त काख, गुडघे, कॉलर आणि चेन तपासते.

९. घरी आणल्यावर

बारीक लेबलं टोचतात म्हणून आपण ती कापून टाकतो, आणि पाच-दहा धुण्यांत त्यावरची अक्षरंही उडतात. कापण्याआधी सगळ्या पट्ट्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. बिलाचा फोटो त्यालाच जोडा. नोंदीत ब्रँड, कपड्याचा क्रमांक, आरएन असल्यास तो, कारखान्याचं नाव आणि कुठून कळलं, एवढं लिहा. एखाद्या कारखान्यात आग लागल्याची किंवा संप झाल्याची बातमी आली, की मी आधी ही नोंद उघडते आणि ते नाव शोधते. सापडलं तर त्याच दिवशी ब्रँडला पत्र जातं: तुमचा माल तिथे शिवला जात होता, जखमींच्या भरपाईसाठी तुम्ही काय करताय? सोबत लेबलचा फोटो.